रक्त कुणाच्या माहेरचं?

"सिस्टर, आमच्या घरात कोणालेच नाही हा रोग. हिनंच आणला माहेरून."

पाचूबंदरच्या वस्तीत, भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून सासूबाई मला हे सांगत होत्या. सून शेगडीपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिने वळून पाहिलं नाही, पण भाजी ढवळणारा हात थांबला, तेवढं मला दिसलं. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली चटईवर पावणेदोन वर्षांचं पोर. दोन्ही पंजे आणि एक पाऊल असं सुजलेलं की बोटं लहान वांग्यांसारखी दिसत होती. हात लावला की किंचाळायचं.

कुटुंब मूळचं भंडारा जिल्ह्यातलं. मुलगा बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतो. सून सकाळी बंदरावर कोळंबी सोलायला, सुकी मासळी निवडायला जाते. तीन दिवस पोर रडत होतं. शेजारणीने नजर काढली. एका दवाखान्यात दुखण्याचं सिरप मिळालं. दुसरीकडे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात, म्हणून लोहाचं टॉनिक मिळालं. मी ते सुजलेले हात बघितले आणि मला माझ्या वॉर्डातला एक मुलगा आठवला. त्याच्याबद्दल पुढे सांगते, कारण ते सांगणं मला अजून जड जातं.

बाळाला सरकारी रुग्णालयात नेलं. दुखण्यावर औषध दिलं, सलाइन लावलं, दोन दिवसांत सूज उतरली. रक्ताची आधी सोल्युबिलिटी चाचणी झाली. ती पॉझिटिव्ह आली, म्हणून पुढची पक्की तपासणी झाली. अहवालात आलं, एसएस. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. मग आईचं रक्त तपासलं. एएस. म्हणजे वाहक. सासूबाईंना वाटलं, झालं, सिद्ध झालं. तो कागद त्यांनी शेजारीपाजारी दाखवलासुद्धा.

बापाने रक्त द्यायला दोन महिने लावले. "मले काय झालं? मी तर रोज तीन मजले सळया चढवतो." शेवटी एका रविवारी काम बंद होतं, तेव्हा त्याने कबूल केलं आणि सोमवारी खाडा करून रक्त देऊन आला. त्याचाही अहवाल एएस.

त्या खोलीतला तंटा मिटवायला मला जे सांगावं लागलं, ते या महिन्याच्या पानावर लिहिते आहे. गुणसूत्र आणि जनुक हे शब्द आपण शाळेत ऐकले, मार्कांपुरते पाठ केले आणि विसरलो. मी जीएनएम करताना ते पुन्हा पाठ केले, पास झाले, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला कळलं नव्हतं.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशी इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. बहुतेक पेशींच्या आत एक केंद्रक असतं आणि त्यात गुणसूत्रं असतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. आईच्या बीजात २३ आणि बापाच्या शुक्राणूत २३, दोन्ही मिळून बाळाची ४६ होतात. म्हणजे लेकरू अर्धं माहेरचं आणि अर्धं सासरचं, यात कुणाचा पाव हिस्साही कमी-जास्त नाही.

४६ हा आकडासुद्धा सहज हाती लागलेला नाही. तीसेक वर्षं पुस्तकांतून ४८ छापलं जात होतं. मोठमोठे प्राध्यापक सूक्ष्मदर्शकात बघायचे आणि पुस्तकात आहे म्हणून त्यांनाही ४८च दिसायची! १९५६ साली स्वीडनमध्ये काम करणाऱ्या जो हिन तियो आणि आल्बर्ट लेवान या दोघांनी नीट मोजणी करून ४६ जाहीर केली. ज्या वर्षी नागपूरला आपली दीक्षा झाली, त्याच वर्षी माणसाला स्वतःची गुणसूत्रं धड मोजता आली. ग्रंथात लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, ही शिकवण आपल्याकडे किती जुनी आहे ते वाचकांना मी सांगायला नको.

आता एक गुणसूत्र डोळ्यासमोर आणा. दोन पेडांचा पिळलेला दोर असतो ना, तसा एक अतिशय बारीक, अतिशय लांब दोर गुंडाळून गुंडाळून ठेवलेला आहे. त्याला डीएनए म्हणतात. एका पेशीतले सगळे दोर उलगडून एकापुढे एक ठेवले तर सुमारे दोन मीटर भरतील. या दोरावर चारच अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. ए, टी, जी आणि सी. आईकडून आलेल्या २३ गुणसूत्रांवर मिळून अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं आणि बापाकडूनही साधारण तेवढीच. या मजकुरातला एक-एक तुकडा म्हणजे जनुक. शरीराला लागणारं एखादं प्रथिन कसं बनवायचं, त्याची कृती त्या तुकड्यात असते. प्रथिनांच्या कृती सांगणारी अशी सुमारे वीस हजार जनुकं आपल्यात आहेत. चकलीच्या भाजणीची कृती जशी आईकडून लेकीकडे येते, तशी ही कृती येते. फरक इतकाच, की इथे प्रत्येक कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईच्या हातची आणि एक बापाच्या. एकीत चूक झाली तरी बऱ्याचदा दुसरीवर भागतं.

अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका भागाची कृती आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातलं ते लाल प्रथिन, जे फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. त्या भागाची रचना १४६ मण्यांच्या माळेसारखी असते. सिकलसेलमध्ये त्या कृतीतलं एक अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी. तेवढ्याने माळेतला सहावा मणी वेगळा पडतो. १४६ पैकी एक मणी. बाकी सगळं जागच्या जागी.

पण त्या एका मण्याने काय होतं ते बघा. आपल्या तांबड्या पेशी एरवी मऊ, गोल, मधे अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारख्या असतात. बारीक रक्तवाहिनीतून जाताना त्या दबतात, वाकतात आणि निघून जातात. सहावा मणी बदललेलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडलं की एकमेकांना चिकटून ताठ काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक बनते. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. असे विळे अरुंद रक्तवाहिनीत अडकले की पुढचं रक्त थांबतं. जिथे थांबतं तिथे कळ येते. हाडांत, छातीत, पोटात, तान्ह्या मुलांच्या हातापायांच्या बोटांत. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही आणि डोळे पिवळे दिसतात.

हा आजार डॉक्टरी पुस्तकात पहिल्यांदा आला १९१० साली. शिकागोमध्ये जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशी पाहिल्याचं लिहिलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे, विजेच्या प्रवाहात ठेवलं तर ते वेगळ्या वेगाने सरकतं. आपल्या अहवालावर जे 'इलेक्ट्रोफोरेसिस' लिहिलेलं असतं, ते याच पद्धतीचं नाव.

एवढं सगळं मी त्या खोलीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाई उठून गेल्या असत्या. मी सुनेकडून दोन वाट्या आणि तुटलेल्या माळेतले चार मणी मागून घेतले. दोन पांढरे, दोन लाल. एक वाटी आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक पांढरा आणि एक लाल मणी टाकला. पांढरा म्हणजे चांगली कृती, लाल म्हणजे सिकलची. सासूबाईंना म्हटलं, "माय, डोळे मिटा आणि दोन्ही वाट्यांतून एकेक मणी काढा. जे निघेल ते तुमचं नातवंड."

पहिल्यांदा पांढरा आणि लाल. "हे पोर वाहक," मी म्हटलं. "याला काही त्रास नाही. तुमच्या मुलासारखं सळया चढवील." मणी परत टाकले. दुसऱ्यांदा दोन्ही पांढरे. "हे अगदी मोकळं." तिसऱ्यांदा परत पांढरा-लाल. पाचव्या का सहाव्या खेपेला दोन्ही लाल निघाले. सासूबाईंनी डोळे उघडले आणि चटईवर झोपलेल्या पोराकडे बघितलं.

"लाल किती वाट्यांतून आले?" मी विचारलं.

"दोन."

"मग एकट्या माहेरच्या वाटीने हे पोर आजारी पडलं असतं का?"

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आपणहून मुलाची वाटी उचलली, तिच्यातला लाल मणी बोटांत धरला आणि म्हणाल्या, "म्हंजे हा माह्याकडून बी आला असन का?"

आला असेल, किंवा त्यांच्या वारलेल्या मालकांकडून आला असेल. मुलाचा लाल मणी त्याच्या आईबापांपैकी एकाचाच असणार.

इथे एक गैरसमज सांगून टाकते, कारण तो शिकलेल्या घरांतही आहे. नवराबायको दोघे वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता शंभरात २५, वाहक होण्याची ५० आणि पूर्ण मोकळं असण्याची २५. याचा अर्थ बरेच जण असा घेतात की एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप. तसं अजिबात नाही. दर वेळी मणी वाटीत परत जातात. वाटीला आधीच्या खेपेची आठवण नसते. लागोपाठ दोन मुलं आजारी झालेली घरं मी पाहिली आहेत आणि चार मुलांत एकही आजारी नाही अशीही. नवराबायकोपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं रक्त सगळ्या दृष्टीने मोकळं असेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही, फार तर वाहक होतं.

"सगळ्या दृष्टीने" असं का म्हटलं? कारण थॅलेसेमिया नावाचा दुसरा एक आनुवंशिक रक्तदोष त्याच जनुकात असतो. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी पडू शकतं. म्हणून अहवाल हातात आला की नुसता 'सिकल नाही' एवढा शब्द ऐकून परत फिरू नका. थॅलेसेमियाचं काय, तेही विचारा.

आता हा आजार आपल्या लोकांत कुठून आला, या प्रश्नाकडे येते. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. त्यांना तो आढळला होता पूर्वाश्रमीच्या महार समाजात. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षं हिंडून या आजारावर काम केलं, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भ, सातपुडा, गडचिरोली आणि आपल्या पालघर जिल्ह्यातले आदिवासी पाडे, सगळीकडे हा आजार आहे.

यावरून कुणी 'महारांचा रोग' म्हणालं तर गप्प बसू नका. हाच आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. विदर्भात तो इतर जातींतही सापडतो. या सगळ्या मुलखांना जोडणारी गोष्ट जात नाही, डास आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की ज्याच्याकडे एकच लाल मणी आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने पोरं मरत होती, तिथे वाहक पोरं जगली, मोठी झाली, त्यांना पोरं झाली आणि लाल मणी वाढत गेला. आपले पूर्वज ज्या रानाच्या कडेला, गावकुसाबाहेर, पाणथळीला राहिले, तिथे त्यांना जगवण्यात या मण्याचा वाटा असणार असं मला वाटतं. दोष म्हणून त्याकडे बघण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

मणी वाढला मलेरियाने, पण तो त्याच त्या घरांत फिरत राहिला जातीने. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीचं मर्म कशात आहे? जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत, असं त्यांनी त्यात मांडलं. त्याला १०० वर्षं होत असताना, २०१६ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या समाजांच्या लोकांचे डीएनए तपासून निष्कर्ष काढला की सुमारे ७० पिढ्यांपूर्वीपर्यंत या देशातले लोक एकमेकांत मिसळत होते, मुलं होत होती, आणि मग वरच्या जातींपासून सुरू होऊन हे मिसळणं बंद पडलं. बाबासाहेबांजवळ डीएनए नव्हता. त्यांनी ग्रंथ आणि समाज वाचून जे सांगितलं, त्याची तारीख आता रक्तात सापडते आहे.

ज्यांनी रक्त शुद्ध ठेवायचं म्हणून कुंपण घातलं, त्यांच्यातही याने आनुवंशिक आजार साठले. सिंधी, लोहाणा अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आहेत. आपण कुंपण घातलं नाही, आपल्याला बाहेर ठेवलं गेलं, पण परिणाम तोच. आणि आज आपणही पोटजात बघतो, हे कबूल करावं लागेल. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्नं आपल्यात होतात. आजीकडे लाल मणी असेल तर तो मामाकडेही गेलेला असू शकतो आणि आईकडेही. मग ती दोन घरं परत जुळली की दोन लाल मणी एकत्र येण्याची शक्यता वाढते. आंतरजातीय लग्नाने ती कमी होते, हे खरं. पण संपते असं नाही, थॅलेसेमियाचं वर सांगितलंच. कुठल्याही लग्नाआधी रक्त तपासणं हाच उपाय.

मणी दाखवले की विहारातल्या बायका दुसराच प्रश्न विचारतात, "सिस्टर, मुलगा-मुलगी पण असंच ठरतं का?" तेविसाव्या जोडीवर ठरतं. बाईकडे एक्स-एक्स असतात, पुरुषाकडे एक्स-वाय. आईच्या बीजात एक्सच असतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. सुनेला तिसऱ्या मुलीवरून बोलणाऱ्या सासूने वाटी कुणाची आहे ते आधी बघावं. मात्र गर्भाचं लिंग तपासणं गुन्हा आहे, १९९४ चा कायदा आहे, हेही सांगते.

आता त्या वॉर्डातल्या मुलाबद्दल. मी नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली होती. एका रुग्णालयात रात्रपाळीला होते. अकरा-बारा वर्षांचा मुलगा, मांड्या धरून ओरडत होता. बाहेरून सूज नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही. एक इंजेक्शन दिलं होतं, दुसरं मागत होता. कुणीतरी म्हणालं, याला इंजेक्शनची सवय लागली आहे. अहवालावर सिकलसेल लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, पण त्या कळा कशा असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "गप झोप, नाटकं करू नकोस." तो गप झाला. पहाटे त्याला श्वास घेता येईना. छातीत विळे अडकले होते. त्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही, कारण मी चौकशी केली नाही. नंतर नोकरी सोडून वस्त्यांत फिरायला लागले त्याची कारणं अनेक सांगते, पण ही रात्र त्यांत आहे.

तेव्हा घरातलं मूल कळा आल्या म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवा. भरपूर पाणी पाजा, ऊब द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुखण्याचं औषध द्या आणि थांबलं नाही तर रुग्णालयात न्या. ताप आला, श्वास लागला, अंग अचानक पांढरंफटक पडलं, पोटात डावीकडे फुगवटा लागला, हातपाय किंवा तोंड वाकडं झालं, तर घरी थांबायचंच नाही. लहान मुलांमध्ये प्लीहा रक्त ओढून घेते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. आईने पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली हात लावून प्लीहा तपासायला नर्सकडून शिकून घ्यावं, अवघड नाही. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन, सगळ्या लसी, रोज फोलिक अ‍ॅसिड. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध कळा कमी करतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासत घ्यायचं असतं, मनाने चालू-बंद करायचं नाही. आणि 'रक्त कमी' म्हणून लोहाचं टॉनिक आपल्या मनाने देऊ नका. या मुलांचं रक्त लोहाच्या कमतरतेने नाही, पेशी फुटल्याने कमी होतं. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांच्या अंगात लोह साठून उलट अपाय होतो. रक्त शुद्ध करून देतो म्हणणाऱ्या वैदूला दारातूनच परत पाठवा. जनुकातलं अक्षर काढ्याने बदलत नाही.

ते बदलण्याचे प्रयत्न प्रयोगशाळेत मात्र चालू आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकात फेरफार करणाऱ्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. पाचूबंदरच्या खोलीत बसून हा आकडा वाचला की हसू येतं. आपल्याकडे दिल्लीच्या सरकारी संस्थेतही यावर काम सुरू आहे. तोवर तपासणी, औषध आणि काळजी, एवढंच आपल्या हातात आहे. ते कमी नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतची मुदत आहे, आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. चांगलं आहे. पण मोहीम पाड्यावर जाते. भंडाऱ्याहून, चंद्रपूरहून, गोंदियाहून पोटासाठी वसई-नालासोपाऱ्यात आलेला माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्या दारात कुणी येत नाही. त्याने स्वतः सरकारी दवाखान्यात जाऊन मागितलं पाहिजे. तपासणी मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला प्रमाणपत्र मिळू शकतं. शाळेत सांगून ठेवा, परीक्षेच्या सवलतींचं विचारा, एसटीच्या सवलतीचं विचारा. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याने दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जावं. दहा-बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते, परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय संस्थेत ती होते. पुढे काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं. सासूने नाही, सिस्टरनेही नाही.

पाचूबंदरच्या त्या घरी मी गेल्या महिन्यात परत गेले होते. पोर आता अडीच वर्षांचं झालं आहे, हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे, मधे एकदाच ॲडमिट करावं लागलं. सासूबाईंनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. एएस. त्यांनी तो कागद शेजारीपाजारी दाखवला का, हे मी विचारलं नाही. पण त्यांनी धाकट्या मुलीलाही नेऊन आणलं. तीही एएस. आणि तिचं लग्न जमत आलं होतं. मुलगा नालासोपाऱ्याचा, माणसं चंद्रपूरकडची.

दोन रात्री घरात खल झाला. काका म्हणाले, आता सांगू नका, लग्न होऊन जाऊ द्या. सांगितलं तर पोरगी घरात राहील. सासूबाईंचंही मन तिकडेच झुकलं होतं. सून इतके दिवस या घरात कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. ती पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मामीनं नाही सांगितलं तर मी सांगन. याच्या रात्री मी काढल्या आहेत." मामी म्हणजे तिची सासू. आत्यासासूच्या नात्याचं आधीपासूनचं काही असावं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. नातं विचारलं तर खरंच निघालं. सुनेचे वडील आणि वारलेले सासरे आते-मामे भाऊ.

मुलाकडच्यांना सांगितलं. मुलाच्या आईने फोनवर विचारलं, आमच्या मुलाचं रक्त कशाला, दोष तर तुमच्या मुलीत आहे. तेव्हा सासूबाईंनी मला फोन लावून दिला नाही. त्या स्वतः गेल्या, पिशवीत दोन वाट्या आणि चार मणी घेऊन.

मुलाने मंगळवारी रक्त दिलं. अहवाल अजून यायचा आहे. त्या मुलीने मला विचारलं, त्याचाही एएस आला तर? मी म्हटलं, तर तुम्ही दोघं बसा, मला बोलवा, सगळं समजून घ्या आणि मग ठरवा. ती म्हणाली, "आणि मोकळा आला तर?" मग ती स्वतःच हसली आणि वाट्या धुवायला उठली.